काचघरातली झाडगणती

शिकागोच्या गारफिल्ड पार्क कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे झाडांच्या सार्वजनिक काचघरात, गेल्या हिवाळ्यात मी झाडगणतीचं काम केलं. तिथली मंडळी त्याला इन्व्हेंटरी म्हणतात. यादी हातात घ्यायची, यादीतलं एकेक झाड जागेवर आहे का ते बघायचं, असलं तर जिवंत आहे का, कसं आहे ते लिहायचं आणि नसलं तर का नाही ते शोधायचं. ऐकायला कारकुनी वाटतं. पण वनस्पतींचा संग्रह म्हणजे काय, हे मला या कामातून जेवढं समजलं तेवढं त्याआधी कित्येक वर्षं तिथे नुसती फिरायला जाऊन समजलं नव्हतं.

आधी जागेबद्दल थोडं सांगते. ही कॉन्झर्व्हेटरी शहराच्या पश्चिम भागात आहे. ग्रीन लाइनच्या 'कॉन्झर्व्हेटरी–सेंट्रल पार्क ड्राइव्ह' स्टेशनला उतरलं की काचेची मोठाली छपरं समोरच दिसतात. ती १९०८ साली लोकांसाठी खुली झाली. आराखडा जेन्स जेन्सनचा. हा डेन्मार्कहून आलेला माणूस शिकागोच्या उद्यानांत साधा मजूर म्हणून लागला आणि पुढे अमेरिकेतल्या मोठ्या उद्यानरचनाकारांपैकी एक झाला. त्या काळी काचघरं राजवाड्यासारखी बांधत, घुमट आणि नक्षीकाम असलेली. जेन्सनने छपरांना मिडवेस्टमधल्या शेतांतल्या गवताच्या गंजीचा आकार दिला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तेव्हा काचघरांत झाडं कुंड्यांतून, फळ्यांवर ओळीने मांडून ठेवायची पद्धत होती. जेन्सनने ती थेट जमिनीत लावली. गरम पाण्याचे पाइप दगडांआड लपवले, मधोमध पाणी आणलं. फर्न रूममध्ये पायऱ्यांवर उभं राहून खाली बघितलं की तळं, थरांचे दगड आणि त्यांवरून झुळझुळणारं पाणी दिसतं. तो धबधबा डोंगरातल्यासारखा कोसळता कामा नये, इलिनॉयच्या सपाट प्रदेशातल्या ओढ्यासारखा वाहायला हवा, म्हणून त्याने गवंड्यांकडून तो पुन्हा बांधून घेतला, अशी गोष्ट तिथे सांगतात.

बघणाऱ्याला हे सगळं फार सुंदर वाटतं, आणि आहेच. झाडगणती करणाऱ्याच्या बाजूने मात्र याचा अर्थ वेगळा होतो. कुंडीतल्या झाडाचा क्रमांकाचा बिल्ला कुंडीला अडकवता येतो आणि झाड कुंडीबाहेर जात नाही. जमिनीतलं झाड पसरतं. शेजाऱ्याच्या मुळांत मुळं घालतं, दुसऱ्याच्या खोडावर चढतं, पिल्लं सोडतं, मूळ जागी मरून हातभर लांब नव्याने फुटतं. बिल्ला राहतो जुन्या जागी.

व्हॉलंटियर व्हायची प्रक्रिया सोपी होती. अर्ज, थोडी चौकशी, मग माहिती देणारी एक बैठक आणि इमारतीतून फेरी. काय तोडायचं नाही, पाण्याची नळी कुठून ओढायची, वाळकी पानं कुठे टाकायची. सुरुवातीचं काम त्याच वाळक्या पानांचं. सकाळी दारं उघडण्याआधी हातात कात्री आणि बादली घेऊन एरॉइड हाऊस नावाच्या दालनात शिरायचं. बाहेर गोठवणारी थंडी आणि आत रत्नागिरीच्या जूनसारखी दमट हवा, त्यामुळे चष्म्यावर लगेच वाफ धरते आणि दोन मिनिटं काहीच दिसत नाही. कोट खुंटीला लावायचा, चष्मा पुसायचा, मग काम.

पानं काढण्याचं काम मी अजूनही कमी लेखत नाही, कारण झाड जवळून बघायची सवय तिथेच लागते. पान उलटं केलं की देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसायचा. मिलीबग. आपल्याकडे शेतकरी त्याला पिठ्या ढेकूण म्हणतात. या काचघरात दिवसभर लहान मुलं हिंडतात, म्हणून वाटेल तेव्हा औषध मारता येत नाही. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढायचे, जास्त झाले तर भक्षक कीटक सोडायचे. एके दिवशी माझ्या हातात प्लॅस्टिकची डबी दिली गेली. तिच्यात करड्या-काळ्या अंगाचे, नारिंगी डोक्याचे छोटे भुंगेरे होते. नाव सांगितल्यावर मला अगदी गाववाला भेटल्यासारखं झालं: क्रिप्टोलेमस! माझा चुलतभाऊ नाशिककडे द्राक्षबागेत हेच भुंगेरे सोडतो, पिठ्या ढेकणासाठीच. त्यांची अळी स्वतःच मिलीबगसारखी पांढरी, पिठूळ असते, त्यामुळे नवखा माणूस तिलाच कीड समजून चिरडतो. हे मला आधीच ठाऊक होतं म्हणून आमच्या गटात मी सगळ्यांना ती ओळखायला शिकवली. भुंगेरे संध्याकाळी, ऊन उतरल्यावर सोडायचे, नाहीतर ते सरळ काचेकडे उडतात.

हिवाळ्याच्या मध्यावर मला विचारलं गेलं, झाडगणतीत मदत करशील का? सुरुवात एरॉइड हाऊसपासून.

आता हे एरॉइड म्हणजे काय, ते मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. अळू, सुरण, पावसाळ्याच्या तोंडावर रायगड-ठाण्याच्या बाजारात येणारी शेवळं, घरोघरच्या बाटलीतला मनीप्लँट, हे सगळं एकच कुळ. साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत या कुळात. ओळखीची खूण एकच: मधोमध उभा दांडा आणि त्याला वेढणारं एकच पाकळीसारखं आवरण. खरी फुलं बारीक असतात, त्या दांड्याला खेटून बसलेली. आणि जवळजवळ सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया. हातमोजे न घालता डिफेनबेकियाचं खोड कापलं आणि मनगटाला खाज सुटली, तेव्हा सोबतच्या मुलीने मला काळजीने त्याचं शास्त्र समजावलं. मी तिला सांगितलं की आमच्याकडे अळूच्या फदफद्यात चिंच घालतात आणि शेवळांच्या भाजीत काकडं, ती याच खाजेसाठी. तिने ते वहीत लिहून घेतलं.

यादी हातात आली तेव्हा प्रत्येक नावाआधी एक लांबलचक आकडा होता. हा प्रवेश क्रमांक. झाड किंवा बी संग्रहात दाखल झालं ते वर्ष, मग त्या वर्षातला अनुक्रमांक. एकाच वेळी आलेली रोपं अनेक असतील तर शेवटी एकेक अक्षर. हा क्रमांक त्या झाडाला आयुष्यभर तोच. झाडाचं शास्त्रीय नाव बदलू शकतं, जागा बदलू शकते, क्रमांक बदलत नाही. झाड मेलं तरी तो दुसऱ्या झाडाला देत नाहीत. नोंद 'मृत' या शेऱ्यासकट तशीच राहते. पुढे आणखी एक अक्षर असतं, आणि जगभरातल्या वनस्पतीबागांत ही अक्षरं सारखीच वापरतात. डब्ल्यू म्हणजे थेट जंगलातून गोळा केलेलं. झेड म्हणजे बागेतच वाढलेलं, पण ज्याचे आईबाप जंगलातून आल्याची नोंद आहे असं. जी म्हणजे बागेतलं, मूळ जंगलाची नोंद नसलेलं. यू म्हणजे काहीच माहीत नाही.

शेजारी-शेजारी दोन अँथुरियम, दोन्ही हिरवीगार, दोन्ही निरोगी. एकापुढे डब्ल्यू, एकापुढे यू. येणाऱ्या माणसाला दोन्ही सारखीच. पण पहिल्याच्या मागे एक जंगल आहे, एक तारीख आहे, ते गोळा करणाऱ्या माणसाची टिपणं आहेत. उद्या ते जंगल गेलं तर तिथे काय होतं याचं उत्तर या झाडाला देता येईल, दुसऱ्याला नाही. दुसरं झाड वाईट नाही. पण ते शोभेचं झाड झालं. मला तर वाटतं की हे एक अक्षर लोकांसाठीच्या पाटीवरही ठळक छापायला हवं. लोक पाटीवर देशाचं नाव वाचतात आणि पुढे सरकतात. डब्ल्यू म्हणजे काय हे एकदा कळलं तर ते त्या झाडापुढे नक्की थांबतील.

आम्ही दोघी-दोघींच्या जोडीने काम करायचो. एक झाडीत वाकून बिल्ला शोधणार आणि क्रमांक मोठ्याने वाचणार, दुसरी क्लिपबोर्डवर खूण करणार. बिल्ले पातळ धातूचे, त्यांवर अक्षरं ठोकलेली. वर्षानुवर्षं पाणी पडून चुन्याचा थर बसतो. नखाने खरवडून, टॉर्च तिरपी धरून आकडे वाचायचे. काही बिल्ले खोड जाड होत गेल्यावर सालीत रुतलेले. काही नुसतेच मातीत, झाडाचा पत्ता नाही. आणि काही झाडं ठणठणीत उभी, पण बिल्ला कुठेच नाही.

बिनबिल्ल्याच्या झाडाची ओळख पटवणं हा कामातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. अँथुरियम की फिलोडेंड्रॉन? पान उजेडासमोर धरायचं. अँथुरियमच्या पानात कडेला समांतर धावणारी एक शीर असते, बाजूच्या शिरा तिला येऊन मिळतात. फिलोडेंड्रॉनमध्ये शिरा सरळ कडेपर्यंत जातात. हे इतकं सोपं असतं तर बरं होतं, पण या कुळात लहानपणीचं पान आणि मोठेपणीचं पान यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. एका माडाच्या खोडावर सुपाएवढ्या, कडेपर्यंत फाटलेल्या पानांचा वेल चढला होता. मी मॉन्स्टेरा लिहिणार होते. आमच्या प्रमुख बाईंनी वेल खालपर्यंत मागे न्यायला सांगितला. बुंध्यापाशी, सावलीत, त्याच वेलाला तळहाताएवढी, पिवळे फराटे असलेली पानं होती. मनीप्लँट! आधार मिळून वर उजेडात गेला की तो असा होतो. बाटलीत ठेवून आपण त्याला कायमचं लहान ठेवलेलं असतं. त्याची ओळख पटवताना शास्त्रज्ञांचीही दमछाक झाली आहे, कारण तो जवळजवळ कधीच फुलत नाही, आणि वर्गीकरण ठरतं ते फुलावरून. १८८० साली तो पोथॉस म्हणून नोंदला गेला; १९६२ मध्ये त्याचं फूल अभ्यासायला मिळालं तेव्हा त्याला दुसऱ्या प्रजातीत हलवलं, आणि १९६४ मध्ये तो एपिप्रेम्नम झाला. नर्सरीवाले अजूनही पोथॉसच म्हणतात.

मग आली सुरणाची ओळ. यादीत 'अ‍ॅमॉर्फोफॅलस पेओनिफोलियस', जागा: तळ्याच्या उजव्या अंगाला, दगडामागे. गेलो तर तिथे उघडी माती. बिल्ला होता, झाड नव्हतं. सोबतची मुलगी 'सापडलं नाही' लिहायला लागली. साधारण पद्धत अशी की सापडलं नाही असा शेरा पडला की पुढच्या फेरीत पुन्हा शोधतात. तेव्हाही नाही मिळालं तर मृत धरतात आणि ती जागा दुसऱ्या झाडाला देतात. मी तिला थांबवलं. सुरण हिवाळ्यात वर दिसणारच कसा? आमच्या रोह्याच्या घरामागे दिवाळीनंतर सुरणाचं पान पिवळं पडून आडवं व्हायचं, आणि मग ते वाफे मोकळेच दिसायचे. कोणी त्यांना मेले म्हणत नसे. पण इथे तर कायम उन्हाळा, पाणी रोज. इथेही तो झोपत असेल का? खात्री करून घ्यावी म्हणून रात्री आईला फोन लावला.

"आई, सुरणाला पाणी देत राहिलं तर तो बारा महिने वर राहतो का गं?"

"छे गं. त्याची वेळ झाली की तो खाली जातोच. तेव्हा पाणी घातलंत तर कुजेल. मृगाला येईल आपोआप वर. तोवर उकरू नका त्याला."

उकरू नका म्हणाली तरी खात्री करणं भाग होतं. पुढच्या खेपेला प्रमुख बाईंना विचारलं, त्यांनी परवानगी दिली, आणि मी हातमोजे घालून बोटांनी वरची माती बाजूला केली. चार बोटं खाली कंद लागला. घट्ट, थंड, मध्ये खळगा आणि खळग्यात गुलाबीसर कोंब, कडेला दोन-तीन पिल्लं. दाबून बघितलं, कुठेही मऊ नाही. माती परत सारली. शेरा लिहिला: 'जिवंत, सुप्त'. त्या भागात पाणी कमी करायची सूचना एका पाटीवर लिहून खोचली, आणि यादीतल्या सगळ्या कंदवाल्या एरॉइडांपुढे 'न दिसल्यास उकरून बघावे' अशी ओळ घालण्यात आली. त्यातून आणखी काही झाडं 'जिवंत'मध्ये परत आली. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी लपवला नाही.

याच सुरणाचा थोरला भाऊ म्हणजे टायटन अ‍ॅरम, सुमात्रा बेटावरचा. त्याचा फुलोरा माणसापेक्षा उंच होतो, कुजलेल्या मांसासारखा वास सोडतो, आणि तो वास दूरवर पसरावा म्हणून मधला दांडा चक्क तापतो. फुलला की एक-दोन दिवसांत संपतं. २०१५ मध्ये शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये 'स्पाइक' नावाचं झाड फुलणार म्हणून लोकांच्या रांगा लागल्या आणि ते उमललंच नाही. त्याच वर्षी शरद ऋतूत 'अ‍ॅलिस' नावाचं दुसरं उमललं. जंगलात ही जात धोक्यात आहे, म्हणून जगभरच्या बागा ती सांभाळतात. इथेच नोंदवहीचा खरा हिशेब लागतो. शिकागो बोटॅनिक गार्डन आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १११ संस्थांतल्या सुमारे १२०० टायटन अ‍ॅरमच्या नोंदी तपासल्या; तो अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली २४ टक्के झाडं एकमेकांची हुबेहूब प्रत निघाली आणि २७ टक्के जवळच्या नात्यातल्या झाडांपासून झालेली. नोंदी अपुऱ्या, प्रत्येकाची लिहायची पद्धत वेगळी, बागेतून बागेत झाड गेलं पण त्याची कुळकथा सोबत गेली नाही. फुलोऱ्यात मादी फुलं आधी तयार होतात आणि नर फुलं नंतर, त्यामुळे पराग बहुतेक वेळा दुसऱ्या झाडाकडून आणावे लागतात. ते भाऊबहिणीचेच आहेत का हे कळायला कागद हाच सोपा मार्ग. झाडं कोणी हलगर्जीपणे वाढवली नव्हती. प्रेमानेच वाढवली होती. पण एक आकडा लिहायचा राहिला की पिढ्यांचं नुकसान होतं, हे त्या अभ्यासाने दाखवून दिलं.

गारफिल्ड पार्कच्या नोंदींत मृतांची ओळ लांब आहे, आणि त्यामागे या इमारतीचा इतिहास आहे. १९९४च्या हिवाळ्यात गरम करण्याची यंत्रणा बंद पडली आणि याच एरॉइड हाऊसमधली झाडं गारठली. त्या धक्क्यानंतर इमारतीच्या दुरुस्तीला जोर आला. मग ३० जून २०११ला रात्री गारपीट झाली. फर्न रूम आणि शो हाऊसच्या काचा फुटल्या आणि तुकडे फर्नच्या पानांत, मातीत, तळ्यात पडले. ज्यांनी तेव्हा तिथे काम केलं ते सांगतात की पडलेल्या काचेइतकीच भीती उन्हाची होती. आयुष्यभर काचेखालच्या सावलीत वाढलेल्या फर्नवर जुलैचं ऊन सरळ पडलं तर पानं करपतात. त्यामुळे आधी सावलीचं कापड, मग काचवेचणी. सेलाजिनेला या शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीच्या मऊ गालिच्यातून बारीक काच वेचणं किती चिकाटीचं काम असेल, ते मी कल्पनेनेच समजू शकते. आणि ३० जानेवारी २०१९ला शिकागोत पारा शून्याखाली ३० अंशांवर गेला, तेव्हा या पातळ काचेच्या एका बाजूला ती थंडी होती आणि दुसऱ्या बाजूला कोको आणि केळी.

अशा जागी एकच झाड एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं असतं. म्हणूनच कलमं, पिल्लं, बिया दुसऱ्या बागांना देत राहतात. याचं टोकाचं उदाहरण सायकड या ताडासारख्या दिसणाऱ्या प्राचीन झाडांच्या गटातलं आहे. एन्सेफलार्टोस वुडी ही जात जॉन मेडली वुड यांना १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ओन्गोये जंगलात सापडली. एकच नर झाड. मादी आजतागायत कुणाला मिळालेली नाही. आज जगात जिथे जिथे ते झाड आहे ते सगळं त्या एकाच्या पिल्लांपासून आलेलं. ते वाटलं गेलं नसतं तर ती जात नावापुरती उरली असती.

एरॉइड हाऊसची गणती संपल्यावर यादी तीन रंगांत परत टाइप झाली: सापडलेली, सुप्त, न सापडलेली. बिनबिल्ल्याची जी झाडं ओळखता आली नाहीत त्यांचे फोटो, पानाची मोजमापं आणि जागा लिहून ठेवली. ती फुलतील तेव्हा पुन्हा बघायची. फूल येईपर्यंत काही ठरवायचं नाही, अंदाजाने नाव लिहायचं नाही, ही शिस्त मला फार पटली. चुकीचं नाव हे नाव नसण्यापेक्षा जास्त घातक, कारण ते पुढचा माणूस तपासत नाही.

आता डेझर्ट हाऊसची, म्हणजे वाळवंटी झाडांच्या दालनाची, गणती सुरू झाली आहे. तिथे ओळखण्याचा त्रास कमी आणि हाताचा जास्त. फड्या निवडुंगाच्या जातींना मोठ्या काट्यांच्या बुडाशी केसांसारखे बारीक काट्यांचे झुपके असतात, ते नुसत्या हवेनेही अंगावर येतात आणि सुती हातमोज्यातून आरपार जातात. म्हणून बिल्ला उलटायला लांब चिमटा, बाहीवर चिकटपट्टी, आणि क्रमांक वाचणारीने वाऱ्याच्या पंख्याकडे पाठ करून उभं राहायचं. पहिल्या वाफ्यातली सगळी झाडं यादीप्रमाणे जागेवर मिळाली.